गोळ्यांचा डबा आणि पिंपळगावचं स्थळ

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षांचा. अंबडला एका कंपनीत क्वालिटीत आहे, राहतो इंदिरानगरला आई-वडिलांसोबत. कॉलेजपासूनची एक मैत्रीण आहे. गेलं दीड वर्ष आमच्यात शरीरसंबंध आहेत. लग्नाबिग्नाचं काही नाही, हे दोघांनी सुरुवातीलाच ठरवलं. ती गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते, लग्न झालेली मोठी बहीण सिडकोत. 'मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं असा आजार, २०१९ मध्ये दोन आठवडे अ‍ॅडमिट होते, लिथियमच्या गोळ्या चालू आहेत', हे तिने पहिल्याच वेळी सांगितलं होतं. मला काही वाटलं नाही, कारण ती एकदम नॉर्मल होती.

या रंगपंचमीच्या सुमारास ती बदलली. रात्री जेमतेम तीन तास झोपायची, पहाटे चारला व्हॉइस नोट, हप्त्यावर ऐंशी हजारांचा कॅमेरा घेतला, रोज 'ये ना' म्हणायची. त्या आठवड्यात मी दोनदा गेलो. कंडोम नको म्हणाली, मीही आग्रह धरला नाही. मग बहिणीने तिला डॉक्टरांकडे नेलं, औषधं बदलली. आता महिना होऊन गेला, ती गप्प आहे. मेसेजला 'हं' एवढंच. ती हो म्हणाली होती, पण तेव्हा ती तीच होती का? माझं चुकलं का? हे सगळं बंद करू का? औषधांनी इच्छा कायमची जाते का? जाता जाता : घरचे स्थळं बघतायत, मागच्या रविवारी पिंपळगावला एक मुलगी बघून आलो, चांगली आहे. हे तिला सांगितलेलं नाही, तिच्या तब्येतीमुळे.
— एक नाशिककर

प्रिय नाशिककर,

पत्रातली सगळ्यात जड ओळ लोक नेहमी 'जाता जाता' म्हणून लिहितात. तुझी पिंपळगावची ओळ मी बाजूला ठेवली आहे, विसरलेली नाही. आधी त्या दोन रात्री.

हो, चुकलं. तू क्वालिटीत आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. रीडिंग रेंजच्या बाहेर गेलं तर तू माल पुढे सोडत नाहीस, होल्डवर ठेवतोस. इथे तीन तासांची झोप, पहाटेच्या व्हॉइस नोटा आणि ऐंशी हजारांचा कॅमेरा अशी तीन रीडिंगं तुझ्या डोळ्यांसमोर होती. आजाराचं नाव तुला दीड वर्ष माहीत होतं. माणसाला मालाची उपमा देऊ नये हे मला कळतं, पण तुला ती लगेच कळेल म्हणून दिली.

'ती तीच होती का' या प्रश्नाचं उत्तर मात्र 'होती' असंच आहे. अंगात काही शिरलेलं नव्हतं. बायपोलरमधला मॅनिया म्हणजे मनाचा वेग आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ चढलेला राहणं. झोप लागत नाही आणि तरी थकवा येत नाही, बोलणं आणि विचार धावतात, पैसा हातातून सुटतो, आणि कामेच्छा उसळते. हे शेवटचं लक्षण घरचे लाजेपायी डॉक्टरांना सांगतच नाहीत; कॅमेऱ्याचं बिल दाखवतात, हे गिळून टाकतात. हाच प्रकार सौम्य असेल, चार-पाच दिवसांचा असेल, तर त्याला हायपोमॅनिया म्हणतात, आणि तो तर बाहेरून नुसता उत्साहच दिसतो. अशा दिवसांत तुझ्याबद्दलची ओढ तिची स्वतःचीच असू शकते. पण ओढ वाटली की आतून 'उद्याचं काय?' असं कुणीतरी विचारत असतं ना, ते विचारणारं माणूस त्या आठवड्यात रजेवर असतं. कंडोम नको हे ती एरवी म्हणाली असती का? दीड वर्षात कधी म्हणाली होती का? तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे.

कायद्यानेही याचा विचार केलेला आहे. भारतीय न्याय संहितेचं ६३वं कलम सांगतं की नशेमुळे किंवा मनाच्या बिघडलेल्या अवस्थेमुळे आपण कशाला हो म्हणतोय, त्याचे परिणाम काय, हे स्त्रीला कळत नसेल, तर तो होकार धरायचा नाही. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. त्या रात्री तिला किती कळत होतं हे मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तूही एकटा ठरवू शकत नाहीस. पण 'ती हो म्हणाली होती' या वाक्यावर तू जो भार टाकतो आहेस तो त्याला पेलत नाही, एवढं समज.

आता तातडीचं. तिची पाळी आली का? एवढ्या मोठ्या पत्रात हा प्रश्न नाही, याचा मला राग आला. महिना होऊन गेला आहे, म्हणजे मेडिकलमधल्या साध्या किटवर उत्तर कळेल. तिला विचार, आणि विचारायला अवघड वाटत असेल तर जे केलं तेही अवघड वाटायला हवं होतं. हे आत्ताच का, तेही सांगते. मॅनिया आला की डॉक्टर पुष्कळदा व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू करतात आणि ते गर्भाला फार घातक असतं. लिथियमबद्दलही पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाच्या दृष्टीने सावध राहावं लागतं. दिवस गेले असतील तर गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्याने नवा झटका येऊ शकतो. त्याच दिवशी तिने मानसोपचारतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना गाठायचं. गर्भपाताचा निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा लग्न झालंय का विचारत नाही, आणि वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. आणखी एक, जे पुढेही लागेल : याच आजारात देतात ते कार्बामाझेपिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, आणि लॅमोट्रिजिन चालू असेल तर त्या गोळ्यांमुळे औषधाचाच असर कमी होऊ शकतो. तेव्हा 'ती गोळी घेते ना' यावर विसंबू नकोस. कंडोम ही तुझी जबाबदारी आहे. दोघांनी रक्ताच्या तपासण्याही करून घ्या.

तिच्या गप्प बसण्याबद्दल. मॅनियानंतर उताराला लागलेलं माणूस मोबाइल उघडतं आणि आपल्याच व्हॉइस नोटा ऐकतं. कल्पना कर. आपण कुणाला काय बोललो, काय मागितलं, किती पैसे घालवले. आजारातलं नैराश्य वेगळं आणि ही शरम वेगळी, पण दोन्ही एकाच उशीवर झोपतात. माझा मावसभाऊ पंचवटीत राहतो, तीस वर्षं हा आजार घेऊन जगतोय. तो एकदा म्हणाला होता, ''ताई, चढलो तेव्हा काय वाटलं ते मी विसरलोय. उतरल्यावर लोकांनी कसं बघितलं ते विसरलो नाही.''

तेव्हा तिला माफीची लांबलचक नोट पाठवू नकोस. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला तिच्याकडून 'अरे, ठीक आहे' वदवून घ्यायचं, हा तिच्या वाट्याला आणखी एक हप्ता होईल. चार ओळी पुरेत. 'त्या आठवड्यात तुझी झोप नव्हती हे मला दिसत होतं, तरी मी आलो. चूक माझी. तू काही वाईट केलं नाहीस. पाळीचं तेवढं सांग. उत्तराची घाई नाही, पण मी आहे.' शब्द तुझे घाल, गाभा हाच ठेव. पाळीचं उत्तर दोन दिवसांत आलं नाही तर फोन कर.

ती 'जगून काय उपयोग' अशा वळणाचं बोलली, सामान वाटून टाकायला लागली, किंवा एकदम शांत झाली, तर सरळ विचार : जीव द्यायचे विचार येतायत का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला बोलायला जागा मिळते. मग लगेच सिडकोच्या ताईला फोन. तेव्हा 'आमचं कुणाला कळू नये' हा विचार बाजूला. घरात लिथियमची महिन्याभराची पाकिटं असतील तर ती बहिणीच्या ताब्यात दे, कारण जास्त घेतलं तर ते विषच आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो फक्त आजारी माणसासाठी नाही. काय करू म्हणून तूही लावू शकतोस.

औषधांनी इच्छा जाते का? काहींनी कमी होते, काही औषधांनी झोप आणि वजन वाढून माणसाला स्वतःचं शरीर नकोसं होतं, आणि नैराश्यात तर औषध नसलं तरी इच्छा आटते. सहसा कायमची जात नाही. डोस, वेळ किंवा औषध बदलून पाहता येतं, पण ते तिने तिच्या डॉक्टरांशी बोलून. तू मात्र थट्टेतही 'एक दिवस गोळी सोड ना' म्हणू नकोस. हे वाक्य मी दोन घरं मोडताना ऐकलंय.

तू विचारलं नाहीस पण नाशिकमध्ये राहून सांगायलाच हवं असं काही. आपल्या गावात कॉलेज रोडला दोघं हातात हात घालून चालले तर ते घरी पोचायच्या आधी पंचवटीतल्या मावशीला कळलेलं असतं. त्यामुळे तुमच्यासारख्यांना उरते ती रात्र. सोसायटीचा वॉचमन पेंगायला लागला की जायचं, दोन-अडीचला निघायचं. आणि बायपोलरच्या माणसाला नेमकी रात्रच परवडत नाही. झोपेची घडी विस्कटली की मॅनियाला दार उघडं मिळतं. म्हणजे तुमचं नातं 'कॅज्युअल' असल्यामुळे ज्या वेळांत चालतं, त्या वेळाच तिला घातक आहेत. हसू नकोस, पण रविवारी दुपारी भेटा. लोक तर तसेही बोलणारच आहेत.

धरणाच्या बॅकवॉटरला बसून वाइन घेत असाल तर तीही कमी करा, तिच्या गोळ्यांबरोबर दारू जमत नाही, झोपही बिघडते. आणि डोकं दुखतंय म्हटल्यावर तू खिशातून काढून देतोस ती आयबुप्रोफेन असलेली गोळी बंद. त्या गोळीने रक्तातलं लिथियम वाढतं. सध्याच्या उन्हात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, तर 'ऊन लागलं' म्हणून पन्हं देत बसू नका, डॉक्टरांकडे जा. लिथियम घेणाऱ्याची रक्ततपासणी ठरावीक काळाने होते, शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त देतात. तेव्हा तिला लॅबमध्ये सकाळी लवकर जायचं असेल तर आदल्या रात्री थांबायचा हट्ट धरू नकोस.

आता हे वाचून तू वॉर्डबॉय होशील, ही मला दुसरी भीती. मावसभावाचंच सांगते. त्याच्या भाचीच्या हळदीला तो नाचला. बरा होता, पाच वर्षं बरा होता, नुसता खूश होता. तर अख्ख्या मांडवातल्या बायका त्याच्या बायकोकडे बघायला लागल्या, आणि एकीने तर थेट विचारलं, ''गोळी घेतलीय ना आज?'' तो खुर्चीवर जाऊन बसला. मला म्हणाला, ''मी हसलो की सगळे माझ्या डब्याकडे बघतात.'' तुझी मैत्रीण जोरात हसली, तुझ्यावर भडकली, नवीन साडी घेतली, तर तो मॅनिया नाही. तिला रागवायला कारणं असू शकतात. तू एक कारण या पत्रात लिहिलंच आहेस.

मग ओळखायचं कसं? ते तू ठरवायचं नाही, तिने ठरवायचं, आणि तिचं मन समेवर असताना ठरवायचं. माझं माहेर निफाडकडचं. द्राक्षबागेत कधी काय करायचं ते हवा स्वच्छ असताना ठरलेलं असतं. डोक्यावर ढग आल्यावर जो तो दुकानदार सांगेल ते मारत सुटतो आणि बाग घालवून बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी ती सावरली की तिला विचार : 'तुझा पारा चढायला लागला हे सगळ्यात आधी कशावरून कळतं? आणि तेव्हा मी काय करू?' तिला दहा वर्षांचा अनुभव असेल, तुला माझा एक लेख. ती म्हणेल, समजा, सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप झाली तर माझ्याकडे यायचं नाही, मी कितीही बोलावलं तरी, बहिणीला कळवायचं, आणि मी शिव्या दिल्या तर खायच्या. हे तिच्या हातांनी लिहून घे. तिचा नियम असला की तुझं थांबणं हे तुझं तिच्यावरचं राज्य राहत नाही, तिचीच आधीची सूचना असते.

ही काही माझी अक्कल नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला असंच लिहून ठेवायचा हक्क दिला आहे : उद्या माझं मन ठिकाणावर नसलं तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीने कुणी बोलायचं. ते उपचारांपुरतं आहे, तुमच्या भेटीगाठींना लागू नाही, पण त्यामागचं शहाणपण तेच. तिने तो कागद केलेला नसेल तर बहिणीसोबत करावा. तिच्या वतीने बोलणारा म्हणून तू नाव देऊ नकोस, कारण तू उद्या असशील की नाही हे तुलाच ठाऊक नाही. आणि इथे आपण पिंपळगावला पोचलो.

'तिला सांगितलेलं नाही, तिच्या तब्येतीमुळे.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. रंगपंचमीला तिचं मन खरंच ठिकाणावर नव्हतं, तेव्हा तुला तिची तब्येत आठवली नाही. मुलगी बघून आल्यावर आठवली. आजार तोच, पण तुला अडचण झाली तेव्हाच तो तुला दिसला.

तुम्ही लग्नाचं वचन दिलं-घेतलं नव्हतं, मान्य. मुलगी बघायला जाणं हा गुन्हा नाही. पण 'कसलं बंधन नाही' या कराराचं भाडं एकच असतं, ते म्हणजे खरं बोलणं. बंधन नाही म्हणून जिथे कुणी आजन्म थांबत नाही, तिथे निघायची तयारी सुरू झाली की सांगायचं असतं. दोन आठवडे वॉर्डात राहून आलेली, पुन्हा उभी राहिलेली, एकटी भाडं भरणारी आणि पहिल्याच वेळी स्वतःचा आजार तोंडाने सांगणारी मुलगी 'मी स्थळं बघतोय' हे वाक्य ऐकून मोडेल, असं तुला वाटतं? तिला वाईट वाटेल. रडेल. ते नैराश्य नव्हे, ते वाईट वाटणं आहे, आणि त्याचा तिला तुझ्या-माझ्याएवढाच हक्क आहे.

आणि आणखी खाजवते, राग आला तरी चालेल. लग्नाचं नाही हे 'दोघांनी' ठरवलं म्हणतोस. खरंच दोघांनी? की तिने आधीच आजार सांगून टाकला आणि मग तुझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच म्हणाली, 'आपल्यात लग्नाबिग्नाचं काही नको हं'? अशा मुली हे वाक्य आपणहून म्हणतात, दुसऱ्याला म्हणायला लागू नये म्हणून. तुला ती लग्नासाठी खरंच नको असेल, तिच्याशी तुझं तेवढं जुळत नसेल, तर काहीच हरकत नाही. पण रात्री चालते आणि घरी सांगायला चालत नाही, ते फक्त गोळ्यांच्या डब्यापायी, असं असेल तर स्वतःशी तरी कबूल कर. बायपोलर असलेली माणसं लग्नं करतात, नोकऱ्या करतात, पोरं वाढवतात. कायदाही नुसत्या निदानावरून लग्न नाकारत नाही. तुमच्यात हा प्रश्न कधी नीट विचारलाच गेला नसेल, तर तो डॉक्टरांचा नाही, माझाही नाही.

बंद करू का, असं तू मला विचारतोस. सध्या शारीरिक काही नाही, हे उघड आहे, ती सावरेपर्यंत नाहीच. पण 'बंद' म्हणजे तू हळूहळू फोन कमी करशील आणि लग्नपत्रिकेचा फोटो तिला कॉलेजच्या ग्रुपवर दिसेल, असं असेल, तर त्यापेक्षा तू रंगपंचमीला केलंस ते बरं होतं असं मला म्हणावं लागेल, आणि ते म्हणायची माझी इच्छा नाही. नातं बदललं तरी मैत्री कॉलेजपासूनची आहे. ती ठेवायची का, हे दोघांनी समोरासमोर ठरवा.

कधी सांगायचं? आज नको, ती 'हं' एवढंच म्हणते आहे तोवर नको. पण ती बरी होईपर्यंत म्हणून वर्षभर लांबवायचंही नाही; तोवर साखरपुडा होऊन जाईल. ती चार वाक्यं बोलायला लागली, जेवायला लागली, कामावर जायला लागली की सांग. दिवसा, बाहेर, सोमेश्वरला कठड्यावर बसून सांगितलंस तरी चालेल, आणि त्या संध्याकाळी बहीण तिच्याकडे असेल असं बघ. फोनवर नको.

पिंपळगावच्या मुलीचंही एक देणं आहे. तिला तुझ्या मैत्रिणीचा आजार सांगायचा नाही, ते गुपित तुझं नाही. पण 'माझं एक नातं आहे, ते अजून मिटलेलं नाही' एवढं कळायचा तिला हक्क आहे. तिच्या घरच्यांना होकार कधी कळवायचा आहे, तू लिहिलं नाहीस. घरच्यांना सांग, पंधरा दिवस थांबा. कारण विचारतील, विचारू देत.